चार सेकंदांची उधारी: मोटारीतला उपग्रह रेडिओ आणि आवाजाची किंमत

१.
अमेरिकेतील ‘एक्सएम सॅटेलाइट रेडिओ’ या कंपनीने आपल्या सेवेच्या शुभारंभासाठी १२ सप्टेंबर २००१ हा दिवस मुक्रर केला होता. आदल्याच दिवशी न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टनवर हल्ले झाले आणि मुहूर्त पुढे ढकलावा लागला. अखेर २५ सप्टेंबरला डॅलस-फोर्ट वर्थ आणि सॅन डिएगो या दोन परिसरांत ही सेवा सुरू झाली. सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहाने पाठवलेले गाणे आता रस्त्यावरून धावणाऱ्या मोटारीत थेट ऐकू येऊ लागले. श्रोत्यांना दोन गोष्टींचे आश्वासन मिळालेले होते. किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत गाणे तुटणार नाही, हे पहिले. आणि आवाज कॉम्पॅक्ट डिस्कच्या तोडीचा असेल, हे दुसरे. पहिले आश्वासन बऱ्याच अंशी पाळले गेले. दुसरे का पाळता आले नाही, याचे उत्तर बरेचसे पहिल्यात दडलेले आहे.

२.
त्यासाठी सत्तर वर्षे मागे जावे लागते. १९३० साली शिकागोच्या गॅल्विन मॅन्युफॅक्चरिंग कंपनीचे पॉल गॅल्विन यांनी मोटारीत रेडिओ बसवून तो अटलांटिक सिटीतील रेडिओ-उत्पादकांच्या अधिवेशनात नेला. ‘मोटर’ या शब्दाला त्या काळच्या ध्वनियंत्रांच्या नावांत आढळणारे ‘ओला’ हे शेपूट जोडून त्यांनी या यंत्राचे नाव ठेवले ‘मोटोरोला’. पुढे कंपनीनेही हेच नाव धारण केले. हे यंत्र महाग आणि अवजड होते, ते बसवायलाही बराच वेळ लागे. त्याचा मोठा शत्रू मात्र मोटारीच्या पोटातच बसलेला होता. इंजिनाच्या स्पार्क प्लगमधून उडणारी प्रत्येक ठिणगी स्वतःच एक छोटे रेडिओ प्रक्षेपण करते आणि त्या काळच्या एएम रेडिओला गाणे व ठिणगी यांतला फरक कळत नसे. मोटारीतील श्रवणाचा इतिहास अशा रीतीने खरखरीशी झालेल्या झुंजीपासूनच सुरू होतो.

३.
या खरखरीवरचा मूलगामी उपाय एडविन आर्मस्ट्राँग यांनी शोधला. लहरीची उंची बदलण्याऐवजी तिची वारंवारता बदलून ध्वनी वाहून नेण्याच्या पद्धतीचे, म्हणजे एफएमचे, एकस्व त्यांना १९३३ च्या डिसेंबरात मिळाले. विजेचा कडकडाट असो वा इंजिनाची ठिणगी, दोन्ही लहरीच्या उंचीवर आघात करतात. एफएम त्या आघाताकडे दुर्लक्ष करू शकते. आवाज निर्मळ झाला, पण एक मर्यादा आली. एफएमच्या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात आणि क्षितिजाच्या फारशा पलीकडे पोहोचत नाहीत. मुंबईहून निघालेल्या गाडीत खंडाळ्याचा घाट चढताना आकाशवाणीचे गाणे कसे विरत जाते, हे या रस्त्याच्या प्रवाशांना सांगायला नको. सह्याद्रीची भिंत मध्ये आली की निर्मळपणा कामाला येत नाही.

४.
अमेरिकेत ही मर्यादा अधिक जाचक ठरली. १९५६ च्या कायद्यानंतर तेथे आंतरराज्य महामार्गांचे प्रचंड जाळे विणले गेले. ट्रकचालक दिवसभर एकाच रस्त्याने चालत राही, आणि तास-दीड तासाने रेडिओवरील एक केंद्र मावळून दुसरे उगवे. विरळ वस्तीच्या प्रदेशांत तर उगवायलाही काही नसे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस तेथील श्रोत्यांचा कल एएमकडून एफएमकडे वळला. त्यानंतर १९८२ मध्ये फिलिप्स आणि सोनी यांनी कॉम्पॅक्ट डिस्क बाजारात आणली आणि १९८४ मध्ये पायोनियरने मोटारीत बसणारा सीडी प्लेअर विकायला काढला. कानांना निर्दोष आवाजाची सवय लागली. निर्दोष आवाज डिस्कमध्ये होता आणि नव्या गाण्याचे आश्चर्य रेडिओत. दोन्ही एकत्र आणण्याची कल्पना याच फटीतून जन्मली.

५.
१९९० मध्ये मार्टिन रॉथब्लॅट या उपग्रह-कायद्यातील जाणकार उद्योजिकेने एक कंपनी स्थापली. तिचे नावच पुरेसे बोलके होते: ‘सॅटेलाइट सीडी रेडिओ’. नासा आणि कॉमसॅट या संस्थांत उपग्रह-संचाराचे काम केलेले अभियंते रॉबर्ट ब्रिस्कमन तिच्या तांत्रिक बाजूचे शिल्पकार झाले. पुढे डेव्हिड मार्गोलीस यांनी कंपनीची धुरा घेतली. उपग्रहावरून थेट श्रोत्यांच्या यंत्रात ध्वनी प्रक्षेपित करण्याची परवानगी कंपनीने त्याच वर्षी फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन, म्हणजेच एफसीसी, या नियामक संस्थेकडे मागितली. अडचण अशी होती की या कामासाठी आकाशात वारंवारतांचा पट्टाच राखून ठेवलेला नव्हता.

६.
तो पट्टा १९९२ मध्ये स्पेनमधील तोरेमोलिनोस येथे भरलेल्या जागतिक रेडिओ परिषदेत ठरला. बहुतेक देशांनी १४५२ ते १४९२ मेगाहर्ट्झचा एल-पट्टा पसंत केला. अमेरिकेत मात्र या पट्ट्यावर लष्करी विमानांच्या चाचण्यांची दूरमापन यंत्रणा चालत असे. म्हणून अमेरिकेने २३१० ते २३६० मेगाहर्ट्झचा एस-पट्टा घेतला. या पट्ट्याच्या आंतरराष्ट्रीय नोंदीत अमेरिकेबरोबर भारताचेही नाव आढळते. वरवर तांत्रिक वाटणाऱ्या या निवडीचे परिणाम पुढे प्रत्येक मोटारीच्या टपावर दिसणार होते, कारण वारंवारता जितकी जास्त तितके झाडांच्या पानांसारखे क्षुल्लक अडथळेही लहरीला अधिक जड जातात.

७.
प्रस्थापित रेडिओ केंद्रांच्या राष्ट्रीय संघटनेने या योजनेला कडाडून विरोध केला. तिचा मुख्य मुद्दा स्थानिकतेचा होता. गावच्या केंद्रावर गावची बातमी, गावचे हवामान आणि गावच्या दुकानाची जाहिरात असते. आकाशातून सगळ्या देशाला एकच कार्यक्रम मिळू लागला तर ही केंद्रे जगणार कशी? या युक्तिवादात स्वार्थ होता, तसे तथ्यही होते. अखेर एप्रिल १९९७ मध्ये एफसीसीने दोन परवान्यांचा लिलाव केला. सीडी रेडिओने सुमारे ८.३३ कोटी डॉलर मोजले. पुढे एक्सएम झालेल्या अमेरिकन मोबाइल रेडिओ कॉर्पोरेशनने सुमारे ८.९९ कोटी. दोघांच्या वाट्याला साडेबारा-साडेबारा मेगाहर्ट्झ आले. या साडेबाराचा हिशेब लक्षात ठेवावा. पुढची सारी कथा त्यातच सामावलेली आहे.

८.
छतावर तबकडी लावून उपग्रहाचे दूरचित्रवाणी प्रक्षेपण पकडणे एव्हाना नित्याचे झाले होते. तबकडी मात्र एका जागी स्थिर असते आणि उपग्रहाकडे नेमकी रोखलेली असते. मोटार वळते, चढते, उतरते, झाडाखालून जाते, पुलाखाली थांबते. तिच्या टपावर तळहाताएवढी, साऱ्या आकाशाकडे एकदम पाहणारी अँटेनाच चालू शकते; आणि सगळीकडे पाहणारी अँटेना कोणत्याही एका दिशेला फार तीक्ष्णपणे पाहू शकत नाही. त्यात या लहरींची लांबी जेमतेम १३ सेंटिमीटर. एएमची शेकडो मीटर लांबीची लहर टेकडीला वळसा घालते. १३ सेंटिमीटरच्या लहरीला इमारत म्हणजे भिंत आणि दाट पानांचा वृक्ष म्हणजे जाड पडदा. उपग्रह दिसला तर गाणे, नाही तर शांतता. एफएममध्ये निदान खरखर होऊन आवाज हळूहळू विरतो. अंकीय प्रक्षेपण एका क्षणी पूर्ण असते आणि पुढच्याच क्षणी शून्य.

९.
या अडचणीला दोन कंपन्यांनी दोन वेगळी उत्तरे दिली. एक्सएमने विषुववृत्तावर, भूस्थिर कक्षेत, दोन अतिशय शक्तिशाली उपग्रह ठेवले. त्यांची नावे ‘रॉक’ आणि ‘रोल’. १८ मार्च आणि ८ मे २००१ रोजी प्रशांत महासागरातील तरंगत्या तळावरून, विषुववृत्ताजवळून, त्यांचे उड्डाण झाले. एक ८५ अंश आणि दुसरा ११५ अंश पश्चिम रेखांशावर स्थिरावला. एक आग्नेयेला झाकला गेला तर दुसरा नैर्ऋत्येला दिसावा, असा त्यामागचा विचार. परंतु विषुववृत्तावरचा उपग्रह उत्तरेकडे जावे तसा क्षितिजाकडे कलत जातो. मिनेसोटासारख्या उत्तरेकडील राज्यात तो आकाशात निम्म्याहूनही खाली दिसतो आणि रस्त्याकाठची उंच इमारत त्याला सहज झाकून टाकते.

१०.
दुसऱ्या कंपनीने १९९९ मध्ये जुने नाव टाकून ‘सिरियस’ हे नवे नाव घेतले. सिरियस म्हणजे आपला व्याध, रात्रीच्या आकाशातील सर्वांत तेजस्वी तारा. नाव बदलताना ‘सीडी’ हे शब्द गळाले, ही योगायोगाची गोष्ट असली तरी सूचक आहे. सिरियसने २००० मध्ये बैकोनूरहून तीन उपग्रह लंबवर्तुळाकार कक्षांत धाडले. या कक्षेत उपग्रह उत्तर गोलार्धावर संथपणे रेंगाळतो आणि दक्षिणेकडून घाईने परततो. दिवसाच्या २४ तासांपैकी सुमारे १६ तास तो उत्तरेला असतो. तिघांपैकी दोघे नेहमी कामावर आणि एक परतीच्या वाटेवर. त्यामुळे श्रोत्याच्या डोक्यावर जवळपास ६० अंशांच्या उंचीवर उपग्रह असे आणि झाडा-इमारतींचा त्रास पुष्कळ कमी होई. सिरियसची सेवा १४ फेब्रुवारी २००२ रोजी निवडक शहरांत आणि १ जुलै २००२ रोजी देशभर सुरू झाली.

११.
शहरांचा प्रश्न तरीही उरलाच. मॅनहॅटनच्या उंच इमारतींच्या घळीत कोणताही उपग्रह पुरा पडत नाही. तेथे जमिनीवर रिपीटर, म्हणजे तोच कार्यक्रम पुन्हा प्रक्षेपित करणारे मनोरे, उभारावे लागले. डोक्यावर उपग्रह असल्याने सिरियसचे काम थोडक्या रिपीटरवर भागले. क्षितिजाकडे झुकलेल्या उपग्रहांमुळे एक्सएमला सुमारे ८०० रिपीटर लागले. ‘उपग्रह रेडिओ’ ऐकणारा शहरी श्रोता पुष्कळदा जवळच्या छतावरचा मनोराच ऐकत असे. प्रस्थापित केंद्रांनी येथेही आक्षेप घेतला: जमिनीवर मनोरे उभारायचे असतील, तर मग हे आमच्यासारखेच स्थानिक प्रक्षेपण झाले नाही काय? रिपीटरवरून स्थानिक कार्यक्रम देऊ नयेत, हे बंधन या वादातूनच आले.

१२.
सर्वांत सुंदर उपाय मात्र अवकाशात किंवा जमिनीवर नव्हे, काळात सापडला. तो ब्रिस्कमन यांच्या एकस्वांत नोंदलेला आहे आणि दोन्ही कंपन्यांच्या यंत्रणांत वापरला गेला. एकच कार्यक्रम दोन वाटांनी पाठवायचा, पण दुसऱ्या वाटेवर तो सुमारे चार सेकंद उशिरा सोडायचा. मोटारीतील यंत्र पहिल्या वाटेने आलेले चार सेकंदांचे संगीत स्मृतीत साठवून ठेवते आणि दोन्ही प्रती जुळवून मगच वाजवते. गाडी पुलाखाली शिरली आणि दोन्ही उपग्रह दिसेनासे झाले, तरी त्या क्षणी हरवलेला तुकडा एका वाटेने आधीच येऊन पडलेला असतो किंवा दुसऱ्या वाटेने नंतर यायचा असतो. ताशी ९० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात २५ मीटर कापते, म्हणजे चार सेकंदांत १०० मीटर. महामार्गावरील बहुतेक पूल याहून अरुंद असतात. श्रोत्याला पूल आला-गेला हे कळतसुद्धा नाही.

१३.
मात्र वाहतूक तुंबली आणि गाडी नेमकी पुलाखाली उभी राहिली, की चार सेकंदांची ही उधारी संपते आणि शांतता पसरते. भुयारात आणि तळघरातल्या वाहनतळावरही तेच. खरी उधारी याहून मोठी होती, ती श्रोत्याला दिसत नव्हती. साडेबारा मेगाहर्ट्झच्या पट्ट्याचे ढोबळ मानाने तीन भाग करण्यात आले: एक पहिल्या उपग्रहाला, एक दुसऱ्या उपग्रहाला आणि एक जमिनीवरील रिपीटरना. तिन्ही भागांतून एकच मजकूर जात असे. गाणे तुटू नये म्हणून ते तीनदा पाठवायचे, म्हणजे मिळालेल्या जागेपैकी दोन-तृतीयांश जागा विम्याच्या हप्त्यापोटी द्यायची. उरलेल्या एक-तृतीयांशातही चुका दुरुस्त करणाऱ्या संकेतांचा वाटा निघे.

१४.
एवढे सगळे वजा जाता एक्सएमच्या हाती सेकंदाला सुमारे ४० लाख बिट उरत. सीडीवरील ध्वनी सेकंदाला ४४,१०० वेळा मोजला जातो, प्रत्येक मोजमाप १६ बिटांचे, आणि डाव्या-उजव्या अशा दोन वाहिन्या. गुणाकार केला की १४,११,२०० बिट येतात. म्हणजे खऱ्या अर्थाने सीडीच्या दर्जाच्या, काटछाट न केलेल्या वाहिन्या द्यायच्या तर त्या ४० लाखांत दोनच बसतात. एक्सएमने जाहीर केल्या १०० वाहिन्या. सरासरी काढली तर प्रत्येकीच्या वाट्याला सुमारे ४० हजार बिट, सीडीच्या पस्तिसाव्या हिश्श्याएवढे. सिरियसचे गणितही फार वेगळे नव्हते. ‘सीडीच्या तोडीचा आवाज’ हे शब्द जाहिरातीत राहिले. गणितात त्यांना जागा नव्हती.

१५.
पस्तिसाव्या हिश्श्यात गाणे बसवण्याची किमया मानवी कानाच्या मर्यादांवर उभी आहे. पखवाजावर मोठी थाप पडते त्या क्षणी शेजारच्या तानपुऱ्याची बारीक तार कान ऐकत नाही. जे ऐकू येणार नाही ते पाठवायचेच कशाला? सिरियसने बेल लॅब्समध्ये विकसित झालेली ‘पॅक’ ही पद्धत घेतली, तर एक्सएमने ‘एएसी प्लस’. या दुसऱ्या पद्धतीत उंच पट्टीचे स्वर जवळजवळ पाठवलेच जात नाहीत. खालच्या पट्टीतील स्वर आणि सोबत थोड्याशा सूचना पाठवल्या जातात. त्यांवरून यंत्र वरचे स्वर अंदाजाने रचते. झांजेचा किणकिणाट, व्हायोलिनची झळाळी, टाळ्यांचा कडकडाट यांत हा अंदाज चुकतो. मग झांज वाळूसारखी सळसळते आणि टाळ्या पाण्यात पडल्यासारख्या वाटतात. निवेदन आणि बातम्यांच्या वाहिन्यांना संगीताहून कमी बिट मिळत, त्यामुळे माणसाचा आवाज पुष्कळदा सपाट, दूरध्वनीवरून आल्यासारखा वाटे.

१६.
मग लोकांनी हे सहन का केले? त्याचे उत्तर मोटारीतच आहे. टायरांचा घरघराट, वारा आणि इंजिन यांच्या गोंगाटात संगीतातील बारकावे तसेही बुडून जातात. ज्या दोषांनी घरातल्या शांत खोलीत कान टवकारले असते, ते महामार्गावर झाकले जात. याउलट गाणे मध्येच तुटणे गोंगाटातही लपत नाही. अभियंत्यांनी निवड केली ती ही होती: आवाजाची बारीक झीज क्षम्य, खंड अक्षम्य. धावत्या गाडीसाठी हा निर्णय चुकीचा म्हणता येत नाही. प्रश्न एवढाच की जे दिले जात होते त्याला दुसऱ्याच वस्तूचे नाव देण्यात आले होते. चांगले ध्वनिवर्धक बसवलेल्या गाडीत, इंजिन बंद करून ऐकणाऱ्या जाणकाराला फरक तत्काळ कळे.

१७.
पुष्कळ श्रोत्यांपर्यंत तर ४० हजार बिटही नीट पोहोचत नसत. जुन्या गाड्यांत नंतर बसवलेली अनेक छोटी यंत्रे उपग्रहाकडून आलेले गाणे अगदी क्षीण एफएम प्रक्षेपणाने गाडीतल्याच रेडिओकडे पाठवत. अवकाशातून अंकीय रूपात आलेला ध्वनी शेवटच्या हातभर अंतरासाठी आर्मस्ट्राँग यांच्या एफएममध्ये शिरे, आणि त्याच वारंवारतेवर एखादे स्थानिक केंद्र असले की खरखरीसह बाहेर पडे. त्यातली काही यंत्रे नियमाहून अधिक शक्तीने प्रक्षेपण करतात आणि काही रिपीटर परवानगीबाहेरच्या जागी उभे आहेत, असे एफसीसीला आढळले. २००८ मध्ये या प्रकरणांच्या तडजोडीपोटी दोन्ही कंपन्यांनी मिळून जवळपास २ कोटी डॉलर भरले. अखंड ग्रहणासाठी नियमांची सीमाही ओलांडली गेली, ती अशी.

१८.
बिटांवरचा ताण स्पर्धेने आणखी वाढवला. ‘आमच्याकडे अधिक वाहिन्या’ हे सांगता येते, मोजता येते, फलकावर छापता येते. ‘आमचा आवाज अधिक शुद्ध’ हे सिद्ध करणे कठीण. पैसा नामवंतांकडे वळला. ऑक्टोबर २००४ मध्ये सिरियसने निवेदक हॉवर्ड स्टर्न यांच्याशी पाच वर्षांसाठी सुमारे ५० कोटी डॉलरचा करार जाहीर केला. खेळांचे समालोचन, हवामान आणि वाहतुकीच्या वाहिन्या वाढल्या. पट्टा मात्र साडेबारा मेगाहर्ट्झच राहिला. प्रत्येक नवी वाहिनी जुन्या वाहिन्यांच्या वाट्यातून बिट उचलत होती. घरात पाहुणा वाढला की प्रत्येकाच्या पानातली भाकरी थोडी लहान होते, तसेच हे होते.

१९.
आकाशातही सारे सुरळीत नव्हते. ‘रॉक’ आणि ‘रोल’ यांच्या सौरपंखांना प्रकाश एकवटणारे परावर्तक जोडलेले होते. अवकाशात त्यांच्यावर धुरकट थर साचू लागला आणि वीजनिर्मिती अपेक्षेपेक्षा वेगाने घटू लागली. जमिनीवरील मनोऱ्याला शिडी लावता येते. तेथे कोण जाणार? एक्सएमला ‘रिदम’ आणि ‘ब्लूज’ हे नवे उपग्रह अनुक्रमे २००५ आणि २००६ मध्ये पाठवावे लागले. दोन्ही कंपन्या तोट्यातच होत्या. अखेर फेब्रुवारी २००७ मध्ये त्यांनी विलीनीकरण जाहीर केले. वस्तुतः एका परवानाधारकाने दुसऱ्याला ताब्यात घेऊ नये, असे १९९७ च्या नियमांतच लिहिलेले होते. सतरा महिन्यांच्या वादानंतर, जुलै २००८ मध्ये, एफसीसीने तीन विरुद्ध दोन मतांनी संमती दिली. त्या वेळी दोघांचे मिळून सुमारे १ कोटी ८५ लाख ग्राहक होते.

२०.
याच कथेची दुसरी शाखा भारताच्या आकाशातून जाते. नोआ समारा या इथिओपियात जन्मलेल्या विधिज्ञाने १९९० मध्ये ‘वर्ल्डस्पेस’ ही कंपनी स्थापली. ज्या देशांत रेडिओ केंद्रे थोडी आणि अंतरे फार, तेथे आरोग्य आणि शिक्षणाची माहिती उपग्रहावरून पोहोचवावी, हा तिचा मूळ उद्देश. एक्सएमच्या जन्मातही या कंपनीचा हात होता. तिचा ‘आफ्रिस्टार’ उपग्रह ऑक्टोबर १९९८ मध्ये आणि ‘एशियास्टार’ मार्च २००० मध्ये अवकाशात गेला. म्हणजे अमेरिकेतील मोटारींत उपग्रह रेडिओ वाजण्यापूर्वीच भारत ‘एशियास्टार’च्या छायेत आला होता.

२१.
‘एशियास्टार’ १०५ अंश पूर्व रेखांशावर होता. मुंबईत त्याचे प्रक्षेपण घ्यायचे तर छोटी अँटेना गॅलरीत किंवा खिडकीत आग्नेयेकडच्या मोकळ्या आकाशाकडे तोंड करून ठेवावी लागे. हिंदुस्थानी शास्त्रीय संगीताची ‘गांधर्व’, कर्नाटक संगीताची ‘श्रुती’ अशा चोवीस तासांच्या वाहिन्या तिच्यावर होत्या, ए. आर. रहमान हे तिचा जाहिरातीतील चेहरा होते. वर्ल्डस्पेसची यंत्रणा एमपी-थ्री कुळातील पद्धत वापरे आणि वाहिनीला १२८ हजार बिटांपर्यंत जागा देऊ शके. विलंबित ख्याल जाहिरातीशिवाय, अखंड, स्वच्छ ऐकण्याचे सुख अनेक घरांना तिने दिले. तिच्या जगभरातील ग्राहकांपैकी बहुसंख्य भारतातले होते.

२२.
तथापि गाडी सुरू झाली की हे सुख संपे. जमिनीवरील रिपीटरांचे जाळे नसल्याने वर्ल्डस्पेस भारतात प्रामुख्याने घरातल्या स्थिर यंत्रापुरतीच राहिली. अमेरिकेने अखंडतेसाठी गुणवत्ता खर्ची घातली होती; येथे गुणवत्ता होती, पण ती खिडकीला बांधलेली. अमेरिकेतील अनुभव सांगतो की पैसे देणारा मोठा श्रोतृवर्ग मोटारीत असतो, कारण तेथे माणूस रोज तासभर अडकलेला असतो आणि नवी गाडी घेताना रेडिओ आपोआप घरात येतो. जनरल मोटर्ससारखे उत्पादक एक्सएमचे भागीदार होते, ते उगाच नव्हे. ऑक्टोबर २००८ मध्ये वर्ल्डस्पेसने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि ३१ डिसेंबर २००९ रोजी भारतातील सेवा थांबली. यंत्रे कपाटात गेली. त्यांना दुसरे कोणतेही प्रक्षेपण पकडता येत नव्हते.

२३.
जपानमध्ये ऑक्टोबर २००४ मध्ये सुरू झालेली ‘मोबाहो’ ही उपग्रहसेवा मार्च २००९ मध्ये बंद पडली. तोच उपग्रह वापरणारी दक्षिण कोरियातील सेवा २००५ ते २०१२ इतकीच टिकली. दोन्ही देश तुलनेने लहान, शहरे दाट, आणि हातातल्या दूरध्वनीवर येणारे इंटरनेट वेगवान. आकाशातून गाणे आणण्याची निकड तेथे फार काळ उरली नाही. अमेरिकेत ती उरली, कारण शेकडो मैल निर्जन महामार्ग आजही आहेत आणि तेथे मोबाइलचे मनोरे विरळ आहेत. तंत्रज्ञान तेच असले तरी त्याचे आयुष्य भूगोल ठरवतो, हे या तीन देशांच्या तुलनेतून स्पष्ट दिसते.

२४.
सिरियस-एक्सएम अजून चालू आहे. सिरियसचे लंबवर्तुळात फिरणारे जुने उपग्रह निवृत्त झाले आहेत. डिसेंबर २०२० मध्ये पाठवलेला ‘एसएक्सएम-७’ कक्षेत पोहोचल्यावर नादुरुस्त होऊन निकामी ठरला, आणि जून २०२१ मध्ये ‘एसएक्सएम-८’ पाठवण्यात आला. नव्या गाड्यांतील यंत्रे उपग्रह आणि मोबाइल इंटरनेट या दोन्ही वाटा वापरतात. एक वाट तुटली तर दुसरी असावी, हा मार्ग ब्रिस्कमन यांच्या मूळ विचाराच्याच जातकुळीचा आहे. फरक इतकाच की दुसरी वाट आता दुसऱ्या उपग्रहाऐवजी मोबाइलच्या मनोऱ्यावरून येते.

२५.
तंत्रज्ञानाचा इतिहास पुष्कळदा पायऱ्यांसारखा सांगितला जातो: एएमहून एफएम बरे, एफएमहून अंकीय बरे. कानाची साक्ष घेतली तर ही मांडणी टिकत नाही. जवळच्या केंद्राचे स्वच्छ एफएम हे शेकडो मैलांवरही न तुटणाऱ्या उपग्रह रेडिओहून अनेकदा अधिक रसाळ होते. साडेबारा मेगाहर्ट्झच्या त्या पट्ट्यात अखंडता, विपुलता आणि गुणवत्ता अशा तीन मागण्या होत्या, आणि तिन्ही पुऱ्या पडण्याइतकी जागा नव्हती. अभियंत्यांनी अखंडता निवडली, बाजाराने विपुलता, आणि गुणवत्तेच्या बाजूने बोलणारे बैठकीत कमी होते. एखाद्या नव्या माध्यमाने सारे काही देऊ केले, तर त्याचा इतिहास वाचणाऱ्याने हे पाहावे की त्या मर्यादित जागेत कोणाच्या पानातली भाकरी लहान झाली.